बोंबल्या विठोबाची लाज कशाला?

कार्तिक लागला की खालापूर-कर्जतकडचा माणूस साजगावच्या यात्रेचे नाव काढतो आणि मुंबई-पुण्यातले त्याचे सोयरे नाक मुरडतात. "म्हणजे ती बोंबलांची यात्रा ना?" हा पहिला प्रश्न. "विठोबाच्या दारात मासळी? चालते कशी तुम्हाला?" हा दुसरा. इथवर आले की या भागातला शिकलासवरलेला माणूस आवाज खाली आणतो. 'धाकटी पंढरी' एवढेच नाव सांगतो, तुकोबांची आख्यायिका सांगतो आणि मासळीचा विषय शिताफीने टाळतो. एखाद्या लिहित्या माणसाने आपल्या गावच्या या यात्रेवर अभिमानाने चार पाने लिहिली, तर त्यालाही हेच ऐकावे लागते: गावच्या जत्रेचे किती कौतुक करायचे? जग कुठल्या कुठे गेले आणि तुम्ही अजून सुक्या बोंबलातच?

हे ऐकून घेणे आता पुरे झाले. साजगावच्या यात्रेत लपवण्यासारखे काही नाही आणि तिथली मासळी तर मुळीच लपवण्यासारखी नाही. या यात्रेचा अभिमान बाळगणारा माणूस भाबडा नाही, मागासही नाही. त्याला लाजवणाऱ्यांकडे कोणती कारणे आहेत ती एकदा उजेडात घेऊन तपासली पाहिजेत.

आधी यात्रा काय आहे ते सांगू. साजगाव हे बोरघाटाच्या पायथ्याचे, खोपोलीला लागून असलेले गाव. साजगाव-ताकई परिसरात विठ्ठलाचे देऊळ आहे. कार्तिकातल्या एकादशीला यात्रा भरते आणि पुढे पंधरवडाभर चालते. देवळात दर्शनाची रांग, टाळ-मृदंग, तुळशीचे हार, बुक्का. बाहेर पाळणे, भांडी, खेळणी, मिठाईची दुकाने. आणि या सगळ्यांपेक्षा जास्त गर्दी खेचणारा सुक्या मासळीचा बाजार. खालापूर, कर्जत, पेण, पनवेल, सुधागड, वर घाटावरचे मावळ अशा सगळ्या बाजूंनी लोक येतात, विठोबापुढे माथा टेकवतात आणि परतताना पिशवीतून बोंबील नेतात. म्हणून हा 'बोंबल्या विठोबा'. हे नाव देवाचा मान कमी करायला कोणी ठेवलेले नाही, भक्तांनीच ठेवले आहे.

या बाजारात एकदा नीट उभे राहून पाहावे. बोंबील किनाऱ्यावर सुकतो तो बांबूच्या वलांडीवर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी टांगायची. मग काम ऊन आणि वारा करतात. ओल्या बोंबलात पाणीच इतके असते, की वाळल्यावर त्याचे वजन अगदी थोडे उरते. असा माल यात्रेत ढिगांनी येतो. शेजारी जवळा, सुकट, सोडे, मांदेली, वाकट्या, खारवलेला बांगडा. गिऱ्हाईक बाई बोंबील हातात घेऊन वाकवून बघते. कडक वाळलेला असेल तर तो मोडतो, ओल राहिली असेल तर लवतो, आणि लवणारा माल घरी नेल्यावर बुरसतो. जवळ्याची परीक्षा निराळी. तो वाळूवर सुकवला असेल तर दाताखाली रेव येते, म्हणून चिमूटभर तोंडात टाकूनच बघायचा. "मावशी, रेव तर नाय ना?" "खाऊन बघ गो बाय, खल्यावर सुकवलाय." भाव होतो, वर एक मूठ जास्त पडते, आणि मावशी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. पिढ्यान् पिढ्यांची पारख या दोन वाक्यांच्या व्यवहारात आहे. ज्यांना इथे फक्त वास येतो, त्यांनी हे कधी पाहिलेलेच नसते.

आता त्यांचे म्हणणे. ते नेमके मांडले पाहिजे, कारण ते एकच नाही. दोन वेगवेगळ्या बाजूंनी येते आणि साजगावच्या माणसाला मधोमध गाठते. एक बाजू सोवळ्याची. वारकरी संप्रदाय मांसमच्छी वर्ज्य मानतो, विठ्ठल हे सात्त्विक दैवत, तेव्हा त्याच्या यात्रेत मासळीचा बाजार भरणे ही विटंबना आहे. फार तर बाजार दूर हलवावा, नाव बदलावे, यात्रा 'शुद्ध' करावी. दुसरी बाजू आधुनिकतेची. ज्या काळी दुकाने नव्हती त्या काळी यात्रा ठीक होत्या. आता सगळे घरपोच मिळते, मग रस्ते अडवून, घाण करून हा पसारा कशाला? आणि या दोन्ही बाजूंच्या मागे एक तिसरा सूर असतो, तो जास्त झोंबणारा. आपल्या गावाचा, गावच्या जत्रेचा अभिमान हा छोट्या माणसाचा छोटा अभिमान. ज्यांच्याकडे मिरवण्यासारखे दुसरे काही नसते ते जत्रा मिरवतात.

सोवळ्यापासून सुरुवात करू.

माळकरी मासळी खात नाही, हे रायगडातल्या आगरी-कोळी वाड्यांना कोणी शिकवायला नको. या जिल्ह्यातून वर्षानुवर्षे दिंड्या निघतात. कित्येक घरांत आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ असते, त्यांचे जेवण आधी, त्यांची भांडी वेगळी, आणि उरलेले घर मासळी खाणारे. आजोबांनी सोडली म्हणून नातवाची सुटत नाही आणि नातू खातो म्हणून आजोबांचा देव बाटत नाही. माळ ज्याने त्याने आपल्या मनाने घालायची असते. तो नियम स्वतःसाठी असतो, शेजाऱ्याच्या ताटासाठी नसतो. साजगावच्या यात्रेने हीच समजूत पंधरवडाभर उघड्यावर मांडली आहे. मासळी देवळात शिजत नाही, देवाला नैवेद्य म्हणून दाखवली जात नाही. ती देवळाबाहेरच्या बाजारात विकली जाते. एकादशीचा उपास धरणारा माणूस उपास सोडल्यावर काय खातो, याचा हिशेब विठोबाने कधी मागितला?

उलट, ज्या संतांच्या नावाने हा आक्षेप घेतला जातो त्यांनी सांगितलेला देव कसा आहे? तो गोरोबांबरोबर मडकी घडवतो, चोखोबांबरोबर ढोरे ओढतो, जनाबाईबरोबर दळतो. तुकोबांच्या गाथेत देवाने भक्तांसाठी केलेल्या कामांची जी यादी येते, तिच्यात सजन कसायाच्या धंद्याला त्याने हातभार लावल्याचाही उल्लेख आहे. कसायाचा धंदा म्हणजे काय, हे तुकोबांना माहीत नव्हते असे कोणी म्हणेल का? स्वतः मांसाहार न करणाऱ्या, हिंसेचा निषेध करणाऱ्या त्या माणसाने हा उल्लेख गाळला नाही. कारण भक्ती आधी जात आणि धंदा विचारते, हे त्यांना मान्यच नव्हते. कसायाच्या दुकानात बसायला ज्या देवाला कमीपणा वाटला नाही, त्याला कोळणीच्या टोपलीशेजारी उभे राहायला कमीपणा वाटेल, हे आजच्या टीकाकारांना कोणी सांगितले?

आणि साजगावच्या विठोबाचे नाते तर थेट तुकोबांशी जोडले जाते. तुकोबा मिरचीचा व्यापार करत कोकणात उतरले आणि इथे त्यांच्या भक्तीसाठी विठ्ठल प्रकटला, अशी इथली श्रद्धा. ही कथा हवेतली नाही. तुकोबांचे चरित्र सांगणाऱ्या महिपतींच्या 'भक्तलीलामृत' ग्रंथात त्यांनी मिरच्या विकायला कोकणात नेल्याचे येते. भाबडेपणाने त्यांनी गिऱ्हाइकांनाच माप करून घ्यायला सांगितले, लोक माल घेऊन गेले, आणि मग पांडुरंगाने वेष पालटून त्यांची वसुली करून दिली. महिपती कोकण म्हणतात. ते ठिकाण साजगाव, ही इथल्या लोकांची समजूत. पण नकाशा पाहावा. देहूहून मावळातून निघालेला माल बोरघाटाने खाली उतरला, तर पायथ्याशी खोपोलीच लागते. ज्या विठोबाच्या कथेच्या मुळाशीच बाजार आहे, माप आहे, उधारी आणि वसुली आहे, त्याच्या दारातून बाजार हटवून कोणते पावित्र्य मिळवायचे?

या घाटावर तर पूजा आणि व्यापार दोन हजार वर्षे हातात हात घालून चालले आहेत. वर कार्ल्याच्या लेण्यात दानलेख कोरलेले आहेत, त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा गांधिक आहे, सुतार आहे. खाली कर्जतच्या बाजूला राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. कोकणातल्या बंदरांतून देशावर जाणारा माल या वाटांनी चढत होता, आणि त्याच पैशातून चैत्य घडत होते. मासळी देशाकडे आणि मिरची कोकणाकडे, हीच साजगावच्या यात्रेची जुनी अदलाबदल आहे. समुद्रावरचा माल आणि घाटावरचा माल जिथे एकमेकांना भेटतो तिथे देव आणि बाजार एकत्रच असणार.

नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. पर्यटन महामंडळाने तिथे 'चेतक महोत्सव' उभा केला, देशभरातून माणसे जातात, छायाचित्रे छापून येतात. दत्ताच्या दारात घोडे कसे, असे कोणी विचारत नाही. खुद्द पंढरपुरात कार्तिकीला जनावरांचा मोठा बाजार भरतो. माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोडे, गाढवे, उंट विकले जातात. यात्रा म्हणजे बाजार, हे महाराष्ट्राने कधी नाकारलेले नाही. मग साजगावलाच प्रश्न का? उत्तर स्पष्ट आहे. तिथला माल मासळी आहे आणि विकणारी कोळीण आहे. आक्षेप बाजाराला नाही. आक्षेप कोणाच्या बाजाराला आहे, ते समजून घ्या.

मासळी आणि देव यांचे वैर हे सगळ्या हिंदू समाजाचे मत आहे, हेही खरे नाही. रायगड-ठाण्याच्या कितीतरी घरांत गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. आगरी, कोळी, कायस्थ प्रभू घरांत तो उघडपणे होतो. घाट चढून गेले की कार्ल्याची एकवीरा, मासळी खाणाऱ्या आगरी-कोळ्यांची कुलस्वामिनी. जगन्नाथपुरीच्या मंदिराच्या आवारात विमलादेवीला दुर्गापूजेत मासळीचा आणि मांसाचा नैवेद्य चढतो, तो जगन्नाथ वैष्णवांचा देव असूनही. तेव्हा साजगावची यात्रा ही कोणाची घसरलेली रीत नाही. किनाऱ्यावरच्या आणि किनाऱ्याशी व्यवहार असलेल्या समाजाची ती सरळ, जुनी रीत आहे.

पावित्र्याच्या नावाने दार बंद करण्याचा मराठी मुलखाला पूर्वानुभव आहे. पंढरपूरचे देऊळ हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. देव बाटेल, परंपरा मोडेल, हीच भाषा तेव्हा विरोधकांच्या तोंडी होती. आज तीच भाषा माणसाच्या जातीऐवजी त्याच्या टोपलीबद्दल बोलली जाते. कर्जतच्याच लोकलमार्गावर असलेल्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने २०२५च्या १५ ऑगस्टला मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि राज्यभर वाद पेटला. स्वातंत्र्यदिनी लोकांनी काय खावे, हे ठरवायला निघालेला विचार उद्या साजगावला पोहोचणार नाही, याची हमी कोण देईल? म्हणून आत्ताच बोलले पाहिजे. इथला माणूस आपणहून 'बोंबल्या' हा शब्द गिळू लागला, तर बंदीची गरजच उरणार नाही.

आता आधुनिकांकडे वळू. सगळे घरपोच मिळते, मग यात्रा कशाला, असे ते म्हणतात. कोणाला मिळते? कर्जत आणि खालापूर म्हणजे फक्त रेल्वे स्थानकाभोवतीचे टॉवर आणि नदीकाठची फार्महाऊस नव्हेत. या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांच्या असंख्य वाड्या डोंगरात आहेत. कार्तिकाचे दिवस म्हणजे भाताची कापणी-झोडणी उरकून घरात धान्य आणि हातात चार पैसे आल्याचे दिवस. चातुर्मास संपलेला असतो. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठल्यावर किनाऱ्यावर धरलेली मासळी एव्हाना वाळून तयार असते. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला बाहेर पडतात, ती पुढचे कित्येक महिने परतत नाहीत. शेती, समुद्र आणि मजुरी या तिघांची पंचांगे कार्तिकात जुळतात, आणि यात्रा नेमकी तेव्हा भरते. कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राने याहून चोख वेळ काढून दिली नसती.

बोंबील म्हणजे नुसती चव नव्हे. सुक्या बोंबलाच्या वजनात निम्म्याहून जास्त भाग प्रथिनांचा असतो. त्यात कॅल्शियमही भरपूर. तो बर्फाशिवाय टिकतो, विजेशिवाय टिकतो, डोंगरावरच्या कुडाच्या घरात मडक्यात टिकतो. तांदळाच्या भाकरीबरोबर भाजलेला एक बोंबील, वांग्यात घातलेली मूठभर सुकट, अंबाडीच्या भाजीतला जवळा: एवढ्यावर या भागातल्या गरिबांच्या ताटातली उणीव भरून निघत आली आहे. कर्जत तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या कुपोषणावर वर्षानुवर्षे बातम्या होतात, बैठका होतात. त्याच मुलांच्या आया जिथून स्वस्तात प्रथिने नेतात त्या बाजाराला घाण म्हणायचे? आणि तोच जवळा चकचकीत पाकिटात भरून शहरातल्या दुकानात आला की त्याला पौष्टिक म्हणायचे?

विकणारीचेही बघा. किनाऱ्यावरची कोळीण एरवी व्यापाऱ्याला माल देते, तो भाव ठरवतो. यात्रेत ती स्वतः बसते, स्वतः भाव सांगते, रोकड पदराला बांधते. दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाला विकण्याचे जे धडे शेतकऱ्यांना आणि मच्छीमारांना व्याख्यानांतून दिले जातात, ते साजगावला कधीपासून अमलात आहेत.

वास येतो, हे खरे. सुकी मासळी वास देणारच. पण खोपोलीच्या औद्योगिक पट्ट्यात वर्षभर जे धूर आणि दर्प लोक नाकात घेतात, पाताळगंगेच्या पाण्याची जी अवस्था दिसते, त्याबद्दल किती जण इतक्या तावातावाने बोलतात? ती दुर्गंधी प्रगतीची म्हणून सोसायची आणि पंधरा दिवसांची मासळी मात्र असह्य? कचरा, वाहतूक, पार्किंग ही सगळी खरी कामे आहेत आणि ती झालीच पाहिजेत. पण तो दोष यात्रेचा नाही, व्यवस्थेचा आहे. द्रुतगती मार्गावर दर सुटीला खालापूरपासून घाटापर्यंत वाहनांच्या रांगा लागतात; त्यावर उपाय म्हणून सहलीच बंद करा असे कोणी सुचवत नाही. नवे मार्ग बांधले जातात, डोंगर पोखरून बोगदे काढले जातात. साजगावच्या यात्रेसाठी मात्र पहिला उपाय सुचतो तो ती आवरती घेण्याचा.

राहिला तो तिसरा सूर, गावाभिमान छोटा असतो म्हणणारा. हाच मुख्य मुद्दा आहे.

कर्जत-खालापूरच्या माणसाने कशाचा अभिमान बाळगावा, हे बाहेरच्यांनी त्याच्यासाठी आधीच ठरवून ठेवले आहे. माथेरान सांगितले की ते मान डोलावतात. ते १८५०मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या कलेक्टरने शोधले आणि १९०७मध्ये नेरळहून तिथे छोटी गाडी गेली, साहेबांच्या आणि शेठजींच्या हवापालटासाठी. बोरघाटाची रेल्वे सांगितली की कौतुक होते. १८६३मध्ये ती खुली झाली ती मुंबई आणि दख्खन जोडण्यासाठी, आणि ती बांधताना हजारो मजूर मेले. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५चे, पुढे भिवपुरीचे १९२२चे; वीज गेली मुंबईला, गिरण्यांना. मोरबे धरण खालापूर तालुक्यात, पाणी नवी मुंबईला. द्रुतगती मार्ग इथून जातो, जाणारे पुण्याला किंवा मुंबईला जातात. २०१३मध्ये इमॅजिका उघडले, तिथे तिकीट काढून येणारेही बहुतेक बाहेरचे. फार्महाऊस तर नावापासूनच दुसऱ्यांची. या सगळ्यांबद्दल गर्व वाटला तर तो 'विकासाचा' गर्व ठरतो. कारण या सगळ्या गोष्टी बाहेरच्यांच्या सोयीच्या आहेत.

साजगावची यात्रा ही इथल्या माणसांनी स्वतःसाठी उभी केलेली गोष्ट आहे. ती कोणा साहेबाने शोधली नाही, कोणत्या कंपनीने बांधली नाही, तिला तिकीट नाही, फाटक नाही. ठाकर, कातकरी, आगरी, कोळी, मराठा, बौद्ध, घाटावरचा आणि खाडीकाठचा, सगळे एकाच मैदानात येतात. ज्या मुलखाचे पाणी, वीज, जमीन आणि डोंगर दीडशे वर्षे दुसऱ्यांच्या कामी आले, त्या मुलखाने स्वतःचा म्हणून सांभाळलेल्या एका मेळ्याचा अभिमान धरला, तर तो छोटा कसा? छोटी आहे ती नजर, जिला आपल्या उपयोगाची नसलेली गोष्ट दिसतच नाही.

आणि गावाभिमानातून काय निघते, तेही या तालुक्याने दाखवले आहे. १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळगडाच्या कुशीतली इरशाळवाडी दरडीखाली गेली. खालापूर तालुक्यातली ठाकरांची ती वाडी. मुसळधार पावसात, गाडी जाईल असा रस्ता नसताना, अंधारात तो डोंगर चढून गेलेल्या पहिल्या माणसांत खोपोली-चौक परिसरातले गिर्यारोहक आणि गावकरी होते. कारण त्यांना वाट माहीत होती आणि वर राहणारी माणसे ओळखीची होती. ही ओळख कुठे होते? आठवड्याच्या बाजारात, देवळात, यात्रेत. वाडीवरची बाई आणि खोपोलीचा दुकानदार वर्षातून एकदा तरी जिथे एकाच गर्दीत खांद्याला खांदा लावून चालतात, त्या जागेला जुनाट म्हणणाऱ्यांनी तिच्या बदल्यात दुसरी कोणती जागा दिली आहे? मॉल? तिथे वाडीवरची बाई जाईल का, आणि गेली तर तिच्याकडे कसे पाहिले जाईल?

हुतात्मा भाई कोतवाल याच मातीतले. माथेरानला जन्मलेल्या या वकिलाने ४२च्या लढ्यात 'आझाद दस्ता' उभारला, वीज वाहून नेणारे मनोरे पाडले, आणि २ जानेवारी १९४३ला सिद्धगडाच्या जंगलात हिराजी पाटलांसह प्राण दिले. डोंगरातल्या वाड्यांनी त्या दस्त्याला आसरा दिला, भाकरी दिली. देशासाठी लढायला आधी आपला मुलूख आपला वाटावा लागतो. तो वाटायला लावणाऱ्या गोष्टी पुस्तकांत कमी आणि अशा मेळ्यांत जास्त असतात.

तेव्हा खोपोलीच्या, खालापूरच्या, कर्जतच्या माणसांनी यापुढे 'धाकटी पंढरी' म्हणताना 'बोंबल्या विठोबा'ही तितक्याच मोठ्याने म्हणावे. मुंबईचे सोयरे नाक मुरडतील तर त्यांना यात्रेला घेऊन यावे, देवळात न्यावे आणि मग मावशीच्या ढिगासमोर उभे करावे. गावातल्या शाळांनी मुलांकडून यात्रेवर लिहून घ्यावे, मासळीसकट. जे लिहू शकतात त्यांनी आपल्या गावाबद्दल लिहिताना क्षमा मागितल्यासारखे लिहू नये.

आणि नगरपालिका, ग्रामपंचायत, जिल्हा परिषद यांच्याकडे मागायचे ते स्पष्ट मागावे. यात्रेच्या पंधरवड्यात मासळी विकणाऱ्या बायकांसाठी छप्पर असलेले ओटे, पिण्याचे पाणी, रात्रीचे दिवे, स्वच्छ शौचालये आणि रोज उचलला जाणारा कचरा. वाहने गावाबाहेर थांबवून तिथून बसची सोय. रायगडच्या पर्यटनाच्या माहितीपत्रकात माथेरान आणि वरदविनायकाच्या बरोबरीने साजगावची यात्रा, तिच्या मासळी बाजारासह. सारंगखेड्याच्या घोड्यांना सरकारने जो मान दिला, तो साजगावच्या बोंबलाला द्यायला कसली अडचण आहे, हे येत्या कार्तिकाआधी सरकारने सांगावे.